जंगबारची लवंग

१९३८ सालच्या उन्हाळ्यात आमच्या मालवणच्या घरात लवंगेशिवाय मसाला कुटला गेला. माझा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. पण ही गोष्ट मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे, की ते व्हायन, ते मुसळ आणि खळ्यात वाळत घातलेल्या मिरच्या मला लख्ख दिसतात. धणे, बडीशेप, दगडफूल, मिरी, दालचिनी सगळं जागच्या जागी, लवंग तेवढी नाही. कुटायला आलेल्या बायकांनी विचारलं तेव्हा आजी म्हणाली म्हणे, "लवंग नाय म्हणान कोण मराचो नाय."

कारण लवंग जंगबारची होती. झांझिबारला आमच्याकडे सगळे जंगबारच म्हणत. आदल्या वर्षी, १९३७ साली, तिथल्या इंग्रज सरकारने लवंगेची खरेदी आणि निर्यात एका ‘क्लोव्ह ग्रोअर्स असोसिएशन’च्या हाती देणारा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे लवंगेचा व्यापार करणारे कच्छी-गुजराती त्यात भरडले जाणार होते. त्यांनी इकडे गाऱ्हाणं घातलं, काँग्रेसने जंगबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला आणि मुंबईच्या बाजारात तो माल पडून राहू लागला. मुंबई इलाख्यात खेरांचं मंत्रिमंडळ नुकतंच आलेलं, वारं काँग्रेसचं. ते वारं मालवणच्या बाजारपेठेपर्यंत पोचलं आणि तिथून आमच्या चुलीपर्यंत. तडजोड झाली ती १९३८च्या मे महिन्यात. तोवर आमचा मसाला बरण्यांत भरून झाला होता.

यात खरी मेख अशी, की माझा आजा बोटीवर होता आणि त्याची बोट जंगबारला जात असे. दर खेपेला तो चार-सहा मुठी लवंग कापडी पिशवीत बांधून आणायचा. त्या वर्षीही त्याने आणली. मग काय झालं, याच्या आमच्या घरात दोन कथा आहेत. माझी आई सांगायची, आजीने ती पिशवी उघडलीसुद्धा नाही, तशीच नेऊन खाडीत सोडली. थोरले काका म्हणत, असं काही नाही. तिने ती शिंकाळ्यात टांगून ठेवली, तडजोड झाल्याची बातमी आल्यावर खाली काढली आणि दाढदुखीवर वर्षभर वापरली. आजीचा स्वभाव मला आठवतो त्यावरून मला काकांचं खरं वाटतं. ती हट्टी होती, पण चांगली वस्तू पाण्यात टाकणारी नव्हती.

आजा खलाशी म्हणून लागला आणि टंडेल होऊन उतरला. कंपनी ब्रिटिश इंडिया, आमच्या लोकांच्या बोलण्यात नुसती बी.आय. डेकवर आमच्याकडची माणसं, रत्नागिरी जिल्ह्यातली. तेव्हा मालवण, वेंगुर्ला, देवगड सगळं त्याच जिल्ह्यात होतं. पहिल्या वर्गाच्या जेवणघरात आणि भटारखान्यात गोव्याचे लोक. आमच्याकडून कोकण बोटीने मुंबई गाठायची, तिथे खोलीवर पडून राहायचं, बोट मिळाली की मुंबईहून मोंबासा, जंगबार, दारेसलाम करत थेट डर्बनपर्यंत. आज्याची नळी अजून माझ्याकडे आहे. नळी म्हणजे खलाशाच्या नोकरीचे दाखले. पूर्वी ते कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, पुढे पुस्तक झालं तरी नाव तेच राहिलं. त्यात ‘करंजा’ हे नाव लढाईच्या आधी येतं आणि लढाईनंतर पुन्हा येतं. लहानपणी मला ती एकच बोट वाटायची. पहिली करंजा १९४२ साली लढाईत बुडाली, दुसरी १९४८ साली आली, हे मला फार उशिरा कळलं. प्रत्येक खेपेच्या पुढे निळसर शिक्का आणि वागणुकीच्या रकान्यात ‘व्हेरी गुड’. एका ठिकाणी शाई पाण्याने पसरली आहे. समुद्राचं पाणी की आमच्या गळक्या माळ्याचं, कोण जाणे.

आज्याला जंगबारबद्दल विचारलं, की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "बेट दिसाच्या आदी त्येचो वास येता." खोपीत बसून विडी ओढता ओढता तो हे सांगायचा आणि आम्ही मुलं नाकाने वारा ओढून बघायचो.

माझी लेक नैरोबीला असते. तिने आणि जावयाने मोंबासाहून निघणाऱ्या जहाजाच्या सहलीत मला बरोबर घेतलं तेव्हा मी एकच विचारलं, जंगबारला थांबतं का? थांबत होतं. सकाळी बंदरात शिरायचं आणि रात्री निघायचं. डिसेंबर महिना होता. ईशान्येचा वारा नुकता धरलेला, त्याला तिकडे कास्काझी म्हणतात. याच वाऱ्यावर शिडं सोडून कच्छची, मस्कतची गलबतं जंगबारला उतरायची आणि एप्रिलनंतर उलटा वारा, कुसी, सुटला की परत फिरायची. आमच्याकडेही सगळं जगणं वाऱ्यावर बेतलेलं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी बाहेर काढत नाहीत, त्यामुळे मला हे समजावून सांगायला कुणी लागलं नाही.

पहाटेच मी डेकवर जाऊन उभी राहिले. वास आला तो डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा. मग उजाडलं, पांढरी-पिवळी घरं पाण्याच्या अगदी कडेशी दिसू लागली, शिडाची एक डाऊ आमच्या समोरून आडवी गेली. लवंगेचा वास आला तो धक्क्याबाहेर, मलिंदीच्या रस्त्यावर, गोण्या भरलेला एक ट्रक शेजारून गेला तेव्हा. लेकीने माझ्याकडे पाहिलं. आज्याच्या वेळी बंदरात लवंगेचे ढीगच पडलेले असत म्हणे, तेव्हा वारा तसा असेल तर त्याचं म्हणणं शब्दशः खरं असणार.

समुद्राकडे तोंड करून तिथे एक अवाढव्य वाडा उभा आहे. बेत-अल-अजाइब, नवलाचा वाडा. लोखंडी खांबांवर मजल्यावर मजले आणि चारी बाजूंनी फिरणारे सज्जे. १८८३ साली सुलतान बर्घाशने बांधला. त्या शहरात वीज पहिल्यांदा याच वाड्यात आली. २०२०च्या नाताळात त्याची एक बाजू कोसळली, तेव्हापासून डागडुजी चालू आहे. आम्हांला पत्र्यांच्या कुंपणाबाहेरूनच बघायला मिळाला. या बर्घाशचा आपल्याशी संबंध आहे. तरुणपणी भावाविरुद्ध बंड केलं म्हणून इंग्रजांनी त्याला दोन वर्षं मुंबईत ठेवलं होतं. १८५९ ते ६१, म्हणजे मुंबईत पहिल्या आगगाड्या धावू लागल्या होत्या, गिरण्यांचे भोंगे सुरू झाले होते, विहारचं पाणी नळाने यायला लागलं होतं. पुढे गादीवर आल्यावर त्याने आपल्या शहरात झऱ्याचं पाणी नळाने आणलं. मुंबईत पाहिलेलं त्याच्या मनात राहिलं असणार, असं मला वाटतं.

त्या काळचं जंगबार मुंबईला किती जवळचं होतं, हे वाचलं की चकित व्हायला होतं. तिथे आपला रुपया चालायचा, थेट १९३५ अखेरपर्यंत. आज्याने हे सांगितलं की आम्हांला ती त्याची फुशारकी वाटायची. ‘झांझिबार’ असा छापा मारलेली हिंदुस्थानची पोस्टाची तिकिटं चालायची. इंग्रजी वकिलातीच्या कोर्टाने निकाल दिला तर अपील कुठे? मुंबई हायकोर्टात. सुलतानाच्या बँडमध्ये गोव्याचे वाजंत्री, फोटो काढायचे तर गोम्सचा स्टुडिओ. मालवणचा माणूस तिथे उतरला तर त्याला परदेशात आल्यासारखं फारसं वाटत नसणार.

वाड्यासमोरच्या पाण्याकडे बोट दाखवून मी जावयाला आज्याची दुसरी आवडती गोष्ट सांगितली. ती त्याने एका म्हाताऱ्या सारंगाकडून ऐकलेली, आणि सारंगाने ती स्वतः पाहिली होती की त्यानेही कुणाकडून ऐकली होती, ते देव जाणे. अर्ध्या तासाची लढाई! एका सुलतानाने इंग्रजांना न विचारता गादी घेतली. इंग्रजांनी सकाळी नऊची मुदत दिली. नऊ वाजले, तोफा सुटल्या, आणि न्याहारी आटपायच्या आत लढाई संपली. सुलतानाची आगबोट जागच्या जागी बुडाली, आणि तिच्या डोलकाठ्या तेवढ्या कित्येक वर्षं पाण्याबाहेर उभ्या होत्या, नव्या खलाशांना त्या दाखवत. हे सगळं खरं आहे. तारीख २७ ऑगस्ट १८९६, सुलतान खालिद, बोट ‘ग्लासगो’. कुणी ३८ मिनिटं म्हणतात, कुणी थोडी जास्त. डोलकाठ्यांचंही खरं, बोटीचा सांगाडा १९१२ साली काढला. आज्याच्या गोष्टीत एक मात्र कधी आलं नाही, की त्या पाऊण तासात सुलतानाकडची पाचशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. इंग्रजांचा एक खलाशी जखमी झाला.

गल्ल्यांत शिरल्यावर ऊन नाहीसं झालं. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढे बोळ आणि दोन्ही बाजूंना चुनखडीच्या जुन्या, पोपडे आलेल्या भिंती. दरवाजे मात्र बघत राहावे असे. काळ्या जुन्या लाकडावर वेलबुट्टी, मधोमध पितळी टोकदार खिळ्यांच्या रांगा. कमानीचे दरवाजे हिंदी घरांचे आणि सरळ चौकटीचे अरबांचे, असं आमच्या वाटाड्याने सांगितलं. तो पंचविशीतला मुलगा, नम्र, माझ्या गुडघ्यांकडे बघून पावलं टाकणारा. "शिकामो, मामा," म्हणून तो वाटेतल्या प्रत्येक म्हातारीला नमस्कार करायचा आणि म्हातारी "मराहाबा" म्हणून तो घ्यायची. मोठ्यांना असा नमस्कार घातल्याशिवाय तिथे पुढे जात नाहीत. मला ते फार आवडलं.

हुरुम्झीच्या गल्लीत एक देऊळ आहे. त्या बाजूलाच कुठेतरी आज्याच्या एका कच्छी मित्राचं दुकान होतं. बोट लागली की आजा तिथे जाऊन बसायचा, चहा व्हायचा, मांडवीला द्यायची पत्रं आणि कधी औषधाच्या बाटल्या घेऊन यायचा. दुकानात काय विकायचे ते नक्की कुणालाच आठवत नाही. आई म्हणायची कापड, काका म्हणायचे भांडी. १२ जानेवारी १९६४ ला तिथे उठाव झाला. सुलतान आपल्या नावेतून पळाला, हजारो अरब मारले गेले, हिंदी दुकानं लुटली गेली. एप्रिलमध्ये ते बेट टांगानिकाला जोडून आजचा टांझानिया झाला. आजा तेव्हा घरीच होता, नोकरी संपवून. तो पेपर उलटसुलट वाचत बसायचा, असं आठवतं. मित्राचं काय झालं ते कधी कळलं नाही. तो मुंबईला येऊन भुलेश्वरात राहिला, असं कुणीतरी एकदा सांगितलं होतं. मी देवळात नमस्कार केला, बाहेर येऊन गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं, आणि आम्ही पुढे निघालो.

जावयाला शांगानीत एका घरासमोर फोटो काढायचा होता, तो काढला. फ्रेडी मर्क्युरी नावाचा जगप्रसिद्ध गायक याच शहरात १९४६ साली एका पारशी कुटुंबात जन्मला आणि शिकायला आपल्या पाचगणीत राहिला. माझ्या पिढीला याचं कौतुक कमी, पण पाचगणीचं नाव ऐकून बरं वाटलं.

दुपारी गाडी करून मळ्यात गेलो. लवंगेचं झाड मी तोवर पाहिलं नव्हतं. उंच, गर्द, आपल्याकडच्या जांभळासारखं. तोडणी चालू होती. कळ्या आधी हिरव्या असतात, मग बुडाशी गुलाबी होऊ लागतात, आणि उमलायच्या आत खुडाव्या लागतात. एकदा फुललं की लवंग गेली. एकाच झाडावरच्या कळ्या एकदम तयार होत नाहीत, म्हणून त्याच झाडावर पुन्हा पुन्हा चढायचं. खाली सावलीत एक बाई बसली होती, पुढ्यात चटई. ती कळ्यांचा घोस तळहातावर घ्यायची, दुसऱ्या तळव्याने एक पीळ द्यायची, कळ्या एका बाजूला आणि देठ दुसऱ्या बाजूला पडायचे. बघता बघता टोपली भरली. तिच्या तळव्यांचा रंग तपकिरी झालेला. तिने एक ओली कळी माझ्या हातावर ठेवली. मी चावली. आधी हिरवट, तुरट, आणि मग जीभ बधिर. तीन-चार दिवस उन्हात पडल्यावर ती काळपट होते आणि आपल्या मसाल्याच्या डब्यात येते.

त्या बाईच्या समोर बसून मला पहिल्यांदा वाटलं, की आमच्या घरातल्या लवंगेच्या सगळ्या गोष्टींत लवंग तोडणारं माणूस एकदाही आलेलं नाही. बहिष्कार आला, व्यापारी आले, इंग्रज आले, आजीचा हट्ट आला. झाडावर कोण चढायचं, हे आज्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

लवंग या बेटाची नव्हे. मलुकू बेटांतून ती मॉरिशस-रियुनियनच्या बाजूला आली आणि तिथून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे. मस्कतचा सुलतान सय्यद सईद याने लवंगेतला पैसा ओळखला, आपली राजधानीच इकडे हलवली आणि अरब जमीनदारांना लवंग लावायला लावली. जिथे शेकडो हात ठरावीक आठवड्यांत झाडावर हवेत, तिथे ते हात आणले गेले आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून, साखळ्यांत बांधून. १८७२च्या वादळाने मुख्य बेटावरची बहुतेक झाडं पाडली, तरी गुलामांचा बाजार चालूच होता. व्यापाराला भांडवल पुरवणाऱ्यांत आपले हिंदी सावकारही होते, हेही इथेच म्हटलं पाहिजे.

तो बाजार बंद झाला ५ जून १८७३ ला. त्यासाठी आधी इंग्लंडहून बार्टल फ्रिअर आले होते, मुंबईचे माजी गव्हर्नर. आपण ज्याला फ्लोरा फाउंटन म्हणतो ते कारंजं मुळात त्यांच्या सन्मानासाठी बांधलेलं. बर्घाशने त्यांना नकार दिला आणि मग आरमाराने नाकेबंदी करण्याची धमकी मिळाल्यावर इंग्रज वकील जॉन कर्कपुढे सही केली. बाजाराच्या जागेवर आज अँग्लिकन चर्च आहे. जिथे फटके मारण्याचा खांब होता, तिथे वेदी. बाहेर एक खड्डा खणून त्यात दगडी माणसं उभी केली आहेत, गळ्यांत खऱ्या साखळ्या. स्वीडिश शिल्पकार क्लारा सोर्नास यांनी १९९८ साली केलेलं काम. मी कठड्याला धरून बराच वेळ उभी होते. एका बाईचा चेहरा नुसता समोर बघत असलेला. रडत नाही, काही नाही.

आत एक लाकडी क्रूस आहे. मध्य आफ्रिकेतल्या चितांबो गावात ज्या झाडाखाली प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचं हृदय पुरलं, त्या झाडाचं हे लाकूड. वाटाड्याने नाव घेतलं आणि मला एकदम नाशिक आठवलं.

माझी मावशी नाशिकला शरणपूर रोडवर राहायची. तिचे यजमान शाळामास्तर. संध्याकाळी ते आम्हांला फिरायला नेत आणि मिशनच्या बाजूला बोट करून सांगत, इथे पूर्वी हबशी मुलं शिकत होती, लिव्हिंगस्टनबरोबर गेली होती. आम्ही हसायचो. मास्तर काहीही सांगतात! कुठे नाशिक, कुठे आफ्रिका. पण मास्तरांचं खरं होतं. इंग्रज आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुलं मुंबईला आणली जात आणि त्यांतली कित्येक शरणपूरच्या मिशन वस्तीत वाढली. लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६५ साली लिव्हिंगस्टन मुंबईत होते, तेव्हा त्यांनी नाशिकची काही मुलं बरोबर घेतली. १८७२ साली त्यांच्या मदतीला आणखी काही पाठवली, त्यांत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ ला चितांबोत लिव्हिंगस्टन वारले. तिथल्या सोबत्यांनी हृदय तिथेच पुरलं, जेकबने प्रार्थना म्हटली, झाडावर नाव कोरलं. मग ते शव सुकवून, सालीत गुंडाळून त्यांनी हजार मैलांहून जास्त चालत समुद्रापर्यंत आणलं. तिथून ते जंगबारला आलं, आणि जंगबारहून जेकब त्याच्याबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नाशिकचा हा मुलगा होता. शव वाहून आणणाऱ्यांतला चुमा मुंबईला डॉ. विल्सनच्या शाळेत शिकलेला. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून आणखी एक नाशिकचाच, तो पुढे मोंबासात राहिला आणि १९३५ साली वारला. १९३५! आजा त्या आधी कित्येकदा मोंबासाला उतरला होता. गोदावरीचं पाणी प्यायलेला तो म्हातारा एखाद्या ओट्यावर बसलेला असेल आणि माझा आजा चहा शोधत त्याच्या पुढून गेला असेल. दोघांना मराठीत चार शब्द बोलता आले असते का, या विचाराने मला त्या चर्चमध्ये भरून आलं.

संध्याकाळी फोरोधानीच्या बागेत दिवे लागतात आणि समुद्राच्या कडेने खाण्याच्या गाड्या मांडतात. उसाचा रस आलं-लिंबू घालून, सळईवरचं मांस, मासे. लेकीने माझ्यासाठी उरोजो आणला. ती एक पातळ, आंबट, हळदीच्या रंगाची कढी. पीठ कालवून केलेली, कैरीचा आंबटपणा. तिच्यात भजी, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, कसावाचा तळलेला कीस, वरून नारळाची आणि लाल मिरचीची चटणी. पहिला घोट घेतला आणि मी वाटी खाली ठेवली. पावसाळ्यात मासे नसले की आजा चुलीपाशी बसून स्वतः एक प्रकार करायचा, कोकमाच्या आंबट पिठल्यात भजी सोडलेला. आजी नाक मुरडायची. आम्ही त्याला ‘बोटीची कढी’ म्हणायचो. तो कुठून शिकला ते त्याने सांगितलं नाही, भटारखान्यातल्या गोवेकरांकडून असेल असं सगळे धरून चालले. हीच ती, असं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची चव जिभेला किती आठवणार? पण मी दुसरी वाटी मागवली.

जहाज सुटताना बेटाचे दिवे मागे जात होते. याच पाण्याकडे येणारी ‘टिलावा’ २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवली, मुंबईहून मोंबासाच्या वाटेवर. २८० माणसं गेली. आमच्या वाडीतला एक जण तिच्यावर होता. त्याच्या बायकोला महिनाभर कुणी सांगितलं नाही, सगळ्या वाडीला ठाऊक होतं. आजा त्या वेळी दुसऱ्या बोटीवर होता. तो घरी पोचेपर्यंत आजीने काय खाल्लं-प्यालं, याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही.

आमच्या थोरांनी आम्हांला वास सांगितला, चव सांगितली, अर्ध्या तासाची लढाई सांगितली. साखळ्या सांगितल्या नाहीत, आणि टिलावाची बातमीही दबक्या आवाजात. मुलांना काय सांगायचं, याचं त्यांचं एक तारतम्य होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता सांगणारे आम्ही आहोत. माझ्या नातवंडांना मी जंगबार सांगते तेव्हा आज्याचा वास आणि त्या दगडी बाईचा चेहरा एकाच गोष्टीत येतात, आणि जेकब वेनराइटही येतो.

मालवण, देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी, दापोली, कुठेही, तुमच्या माळ्यावर कुणा आज्या-पणज्याची नळी, बोटीवरचा फोटो, मोंबासा-जंगबारच्या शिक्क्याचं पाकीट असेल, तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. बोटींची नावं आणि तारखा आधी वहीत उतरवून घ्या, शाई उडत जाते. घरात सांगू शकणारं एखादं माणूस उरलं असेल तर त्याला बसवून विचारा, कुठल्या बंदरात कोण भेटायचं, काय खायचे, घरी काय आणायचे. तारखा चुकल्या तरी चालतील, त्या शोधता येतात. आणि करंजा किंवा टिलावावरच्या कुणा माणसाची हकीकत तुमच्या घरात असेल, तर मला अवश्य कळवा.